द्वारकामावशी आणि हवेचे मार्क

आमच्या द्वारकामावशीचं दोन गोष्टींशी जन्मात पटलं नाही. एक म्हणजे केर, आणि दुसरी म्हणजे केर काढ म्हटल्यावर 'काढते ना' म्हणून बसून राहणारी बाई. त्यातली दुसरी मी. तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच, पण अंगणं अशी की नवख्या माणसाला वाटावं, इकडे लग्न आहे आणि तिकडे कुणी राहतच नाही. मी मंडल ऑफिसात, म्हणजे तिथल्या तहसिलात, क्लार्क होते, सकाळची आठची बस धरायची असे, ही माझी कायमची सबब. मावशी म्हणायची, "बस तं सगळ्याईचीच आठची हाय वो जयवंता. तुहा फडा कितीचा हाय, ते सांग." फडा म्हणजे झाडू.

आदिलाबाद सोडून तामसीची बस निघाली की थोड्याच वेळात डाव्या हाताला तेलमिलची चिमणी दिसते आणि चिमणीच्या बुडाशी आमची वस्ती. तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, दुकानदाराशी हिंदी, आणि रागावलो की तिन्ही. वस्तीत बहुतेक घरं बौद्धांची. मागच्या पिढीनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला, पुढच्या पिढीत मास्तर आणि क्लार्क निघाले. मावशीनं स्वतः कापूस वेचून मुलाला, यशवंतला, शिकवलं आणि तो सरकारी शाळेत हिंदीचा मास्तर झाला. आंध्रात त्या नोकरीला 'हिंदी पंडित' म्हणायचे. "आमच्या घरात पंडित निघाला," असं मावशी बसमध्ये मुद्दाम मोठ्यानं सांगायची आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बघत बसायची.

तिच्या स्वच्छतेची वस्तीत थट्टा व्हायची, पण त्यामागचं कारण थट्टेचं नव्हतं. ती लहान असताना त्यांच्या गावातल्या वस्तीत कुणी तपासणीचे साहेब आले होते. तिच्या आईनं बसायला घोंगडी टाकली. साहेब दारातच थांबले, नाकाला रुमाल लावला, उभ्या उभ्या काय लिहायचं ते लिहिलं आणि निघून गेले. घोंगडीवर टेकलेसुद्धा नाहीत. मावशी हे सांगताना अजूनही लालबुंद व्हायची. "पाहुना आपल्या दारातून नाकाले रुमाल लावून गेला, तं आपन शिकून-सवरून काय केलं?" पाहुणा येणार म्हटलं की तिच्या अंगात दहा बायांचं बळ यायचं.

आम्ही चमत्कार मानणारे लोक नाही, पण मावशीचं सुनेशी पटायचं याला मला दुसरा शब्द सापडत नाही. रुख्मिणी निर्मल गावची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासू उठायच्या आत तिनं अंगण झाडलं, आणि तेही पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यासकट. त्या दिवसापासून यशवंत घरात दुसऱ्या नंबरवर गेला तो गेलाच. दोघी मिळून सडा टाकायच्या, दोघी मिळून ओटा सारवायच्या, आणि मग दोघी मिळून माझ्या अंगणाकडे बघून नाकं मुरडायच्या. मला राग यायचा, पण त्यांच्याकडे बघताना बरंही वाटायचं.

दोघींचा एकच शत्रू होता, तो म्हणजे तेलमिलचा धूर. मिलमध्ये सरकीचं तेल काढायचे आणि सरकीची टरफलं बॉयलरला जाळायचे. दिवाळीनंतर कापूस बाजारात आला की होळी उलटेपर्यंत चिमणी थांबायची नाही. काजळीचे काळे कण पोह्याएवढाले उडत यायचे आणि भाकरीवर, पाण्यात, उशीवर, जिथं जागा मिळेल तिथं बसायचे. पौर्णिमेला वंदनेसाठी नेसायची पांढरी लुगडी दोरीवर टाकली की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर तीळ पेरल्यासारखे दिसायचे. कोणत्या दिवशी मिल किती जोरात होती, हे आम्हाला लुगडं बघून कळायचं.

लुगडं धुता येतं. पण लग्नानंतरच्या तिसऱ्या थंडीत रुख्मिणीची छाती वाजायला लागली. आधी झाडताना, मग चालताना, मग नुसतं बसल्या जागी. आदिलाबादच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, दमा आहे, गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे धुरातून बाहेर काढा. यशवंतनं एका संध्याकाळी जेवता जेवता विषय काढला. निर्मलला हिंदी पंडिताची जागा रिकामी होती. उन्हाळ्याच्या सुटीआधी हो की नाही ते कळवायचं होतं.

"आई, धूर राह्यला तं आमाले जाच लागते," तो म्हणाला.

घासलेली भांडी मावशीनं पुन्हा घासायला घेतली. मुलगा गेला असता तर तिनं सहन केलं असतं, मुलं जातातच. पण सून? तिनं मला दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं, "रुख्मिणी गेली तं मी या घरात कोनासाठी झाडू?"

आधी ती मिलच्या शेठकडे गेली. शेठ हसून म्हणाला, "अम्मा, धुआँ तो तुम्हारे चूल्हे से भी निकलता है."

मावशी घरी येईपर्यंत धुमसत होती. "त्याची चूल अन् आमची चूल एकच म्हनते. मंग त्या चुलीवरची एक भाकर कधी आमच्याकडं आली नाई ते?"

मग मी तेलुगूत एक दरख्वास्त लिहिली, साऱ्या वस्तीनं सह्या-अंगठे केले, आणि ती या टेबलावरून त्या टेबलावर करत थंडी भरात असताना एक जीप घेऊन वस्तीत आली. जीपमधून प्रदूषण मोजणारे राजन्ना साहेब उतरले. गुबगुबीत, हसरे, तेलुगू वळणाची हिंदी बोलणारे. त्यांना मशीन ठेवायला उंच आणि मोकळी जागा हवी होती. वस्तीत स्लॅबचं घर मावशीचंच. मशीन म्हणजे टिनाचं उतरतं छप्पर असलेला डबा, थेट कोंबड्यांचं खुराडं. चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं. आत एक पांढराशुभ्र कागद. मशीन दिवसभर हवा ओढणार, धूळ कागदावर बसणार, कागदाचं आधीचं आणि नंतरचं वजन करून धूळ किती ते कळणार. बाजूला काचेच्या नळ्यांत दोन वायू धरायची सोय होती.

"फिर सब मिलाके एक नंबर निकालते अम्मा," राजन्ना साहेब म्हणाले. "इंडेक्स बोलते उसको."

मावशीनं यशवंतकडे बघितलं. पंडितानं समजावून सांगितलं, "आई, हे हवेचं प्रगतिपुस्तक हाय. धूळ अन् दोन वायू, असे तीन विषय. प्रत्येक विषयात किती घाण चालते त्याची हद्द ठरेल हाय. त्या हद्दीच्या मानानं किती भरलं ते पाह्याचं, अन् तिघाईची मिळून सरासरी काढाची. जशी आमी शाळेत टक्केवारी काढतो."

इथं मास्तर मंडळी नेहमी करतात तेच त्यानं केलं. उदाहरण इतकं छान दिलं की पुढचं सांगायचं राहून गेलं. या पुस्तकात जास्त मार्क म्हणजे चांगलं की वाईट, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

साहेब म्हणाले, परवा सकाळी मशीन चालू करू, दुसऱ्या सकाळी कागद काढू. ते आदिलाबादला लॉजवर गेले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले, यशवंत शाळेत. घरात उरली मावशी, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, ती म्हणजे आपल्या घरी सरकारी पाहुणा येणार.

मी संध्याकाळी बसमधून उतरले तेव्हा मला वाटलं, चुकीच्या थांब्यावर उतरले. रस्त्यापासून हापशापर्यंत सडा. माझ्या अंगणातसुद्धा. गटाराच्या कडेला चुन्याच्या रेघा. उकिरड्यावर ओली गोणपाटं. मावशी साऱ्या वस्तीला कामाला लावून स्वतः कमरेला पदर खोचून उभी होती. दुसऱ्या दिवशी, मशीन चालू असताना, वस्तीत एक चूल पेटली नाही. बायांनी नाल्यापलीकडच्या शेतात तीन दगडांवर सगळ्यांचा एकच स्वयंपाक केला. रस्त्यावर दर थोड्या वेळानं पाणी मारलं जात होतं, बस गेली की लगेच. रुख्मिणी ओट्यावर बसून हसत होती, कारण सासूनं तिला हात लावू दिला नव्हता. राजन्ना साहेब कागद न्यायला आले तेव्हा चपला काढून घरात शिरले. "अम्मा, मंदिर जैसा रखे," म्हणाले. मावशीनं त्यांना चहा आणि चकल्या दिल्या. ती इतकी खूश होती की त्या दिवशी मला एकदाही टोचून बोलली नाही.

काही दिवसांनी अहवाल आमच्याच ऑफिसात आला. मी नंबर तेवढा वाचला आणि बस धरली. इंडेक्स तेवीस.

"तेवीस!" यशवंत ओरडला. "शंभरपैकी तेवीस! पस्तीसले तं पास होते. हवा नापास झाली!"

वस्तीत जो आनंद झाला तो पोरगं पहिलं आल्यावरही होत नाही. कुणी तरी सायकल काढून जिलेबी आणली. मावशीचा चुलत दीर उत्तमराव त्याच मिलमध्ये बॉयलर सांभाळायचा, तोही आला आणि सगळ्यांत जास्त जिलेबी त्यानंच खाल्ली. मावशीनं रुख्मिणीच्या तोंडात घास भरवला. "आता बंद होते शेठचा धूर. कायचं निर्मल अन् कायचं काय!"

मी मात्र सवयीनं कागद उलटा केला. सरकारी कागदाचं खरं पोट पाठीमागं असतं, हे एवढ्या नोकरीत कळलं होतं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं: शून्य ते पंचवीस, स्वच्छ हवा. पन्नासपर्यंत थोडं प्रदूषण, पंचाहत्तरपर्यंत मध्यम, शंभरपर्यंत भारी, त्यापुढं गंभीर. खाली एक ओळ: तक्रारीत तथ्य आढळत नाही.

मी ते मोठ्यानं वाचलं. ज्याच्या तोंडात जिलेबी होती, त्याच्या तोंडात ती तशीच राहिली. यशवंत जमिनीकडे बघायला लागला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. टक्केवारी म्हणे!

पण मग माझ्या डोक्यात आलं की सडा मारून रस्त्याची धूळ बसेल, चुली विझवून घरचा धूर थांबेल, पण मिलची चिमणी कुणाच्या सड्यानं विझते? "त्या दिवशी काजळी पडलीच नव्हती," मी म्हणाले. "अशी कशी?"

उत्तमराव एकदम पाणी प्यायला उठला. मावशीनं मात्र मान ताठ करून सांगितलं, "कशी पडंल? मीच सांगतलं होतं उत्तमरावले. म्हटलं, भाऊजी, आमच्या घरी मोठे साहेब येऊन राह्यले, येवढा एक दिवस धूर जरासा आवरा. आमच्या पाहुन्याच्या कागदावर तुमची काजळी नको."

"वयनीचा शब्द कसा मोडाचा?" उत्तमराव कोपऱ्यातून म्हणाला. "मिलमध्ये लाकडं होती वाळलेली. मी दिवसभर तेच जाळले. मॅनेजरले म्हटलं, टरफलं ओली हायत."

मग रुख्मिणीला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबेना. मावशी तिची पाठ चोळत राहिली. पाठ चोळता चोळताच तिला कळलं की आपण काय करून बसलो. तिचा चेहरा इतका उतरला की मी तिला पहिल्यांदाच म्हातारी होताना बघितलं. त्या आठवड्यात यशवंतनं निर्मलच्या जागेचा अर्ज लिहून कपाटावर ठेवला. पाठवला नाही, पण ठेवला.

मी एस.टी.डी. बूथवरून राजन्ना साहेबांना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. पलीकडून आधी हसणं, मग बूथवाल्याच्या मीटरचा आकडा पळत असतानाही थांबेना असं हसणं. शेवटी म्हणाले, "मेरी नौकरी में लोगां मशीन पे पानी डाले, तार काटे. हवा को पाउडर लगाके बिठाया, ऐसा पैलीच बार." पुन्हा येतो म्हणाले, पण अट घातली. या वेळी मिलला आधी कळवणार नाही. आणि अम्मानं फडा हातात घ्यायचा नाही. झाडलं तर धूळ उडते, ती कागदावर जाते, मग शेठ म्हणणार ही तर तुमच्याच झाडण्याची धूळ. पाणी मारलं तर जे पडलंय ते दिसत नाही. पंचनामा करायचा, तर आदल्या सकाळपासून जे जिथं पडलं ते तिथंच हवं.

मी मावशीला हे सांगितलं.

"पाहुना येऊन राह्यला अन् झाडाचं नाई?"

"नाही."

"ओटासुदिक?"

"ओटासुद्धा नाही."

"जयवंता, हे तुह्या मनासारखं झालं वो," ती म्हणाली, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

तो दिवस आणि ती रात्र कशी गेली, ते माझ्या मावशीला विचारू नका. मी रजा काढून तिच्याजवळ बसले, कारण मला तिचा भरवसा नव्हता. उत्तमरावला तंबी होती की नेहमीसारखी टरफलं टाक, ना कमी ना जास्त. चिमणी आपलं काम करत होती. काळे कण येत होते आणि ओट्यावर, खिडकीवर, पाण्याच्या टाकीवर, बाबासाहेबांच्या फोटोच्या काचेवर बसत होते. फोटो तेवढा मावशीनं पदरानं पुसला. मी डोळे वटारले. "पंचनाम्यात बाबासाहेब नाई येत," ती म्हणाली. अधूनमधून तिचे हात आपोआप कोपऱ्यातल्या फड्याकडे जायचे आणि मग ती ते मांडीखाली दाबून बसायची. रुख्मिणीला तिनं आतल्या खोलीत दार लावून बसवलं होतं. आमच्या वस्तीतल्या द्वारकाबाईचं अंगण केरानं भरलंय, हे बघायला लोक निमित्त काढून येत होते. माझं अंगण तर त्या मानानं स्वच्छ दिसत होतं, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला नाही.

आदल्या सकाळी चालू केलेलं मशीन रात्रभर चाललं. सकाळी राजन्ना साहेब कागद काढायला आले, सोबत मिलचा मॅनेजर पंच म्हणून. मावशी उठून दारात उभी राहिली. साहेबांना नमस्कार न करताच ती म्हणाली, "सायेब, हे माह्यं घर हाय. झाडलं नाई. मले लाज वाटून राह्यली. पन सुनेपरीस लाज मोठी नाई."

यशवंत हिंदीत सांगायला लागला, तर साहेबांनी हातानं थांबवलं. त्यांना कळलं होतं. मॅनेजर अंगणाच्या बाहेरच उभा राहिला. राजन्ना साहेब पिवळट पांढरी पँट घालून आले होते. त्यांनी ओट्याकडे बघितलं, काजळीकडे बघितलं, आणि हळूच, नीट, पाय पसरून त्या काळ्या ओट्यावर बसले.

मावशी घाबरून पुढं झाली. "उठा ना सायेब, कपडे..."

"नक्को अम्मा. आज मैं यहींच बैठता. चाय पिलाते नै?"

चहा आला. कपात दोन काळे ठिपके पडले. साहेबांनी कप पंचाला दाखवला, पंचनाम्यात लिहायला लावला, आणि मग तो चहा पिऊन टाकला. उठले तेव्हा पँटची मागची बाजू तव्यासारखी काळी झाली होती. "मॅनेजर साब, ये भी लिखो," म्हणून त्यांनी पाठ फिरवून दाखवली. साऱ्या वस्तीत हशा पिकला. मॅनेजरसुद्धा हसला, मग त्याला आठवलं की आपण कोणाच्या बाजूनं आलो आहोत. मावशी मात्र हसली नाही. ती त्या माणसाकडे बघत होती. तो आपल्या केरात बसला, आपल्या घरचा चहा प्याला. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते कुणापासून लपवले नाहीत.

मग ते स्लॅबवर गेले आणि कागद घेऊन खाली आले. पाकिटात घालायच्या आधी त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. नेताना दुधासारखा पांढरा होता. आता मधला सगळा भाग काळा, आणि कडेला जिथं मशीनचा चिमटा होता तिथं पांढरी चौकट. नंबर यायला वेळ होता, पण कुणाला नंबराची गरज वाटली नाही.

मावशी कागदाजवळ गेली. "हे एका दिवसाचं?"

"एक दिन का, अम्मा."

"मशीन हवा ओढते, तशी मानूसबी ओढते ना?"

साहेबांनी मान हलवली. मावशी वळली आणि आतल्या खोलीचं दार उघडून रुख्मिणीसमोर उभी राहिली. आजवर सगळी काजळी तिनं रोज सकाळी झाडून बाहेर टाकली होती. इतकी स्वच्छ झाडली होती की ती किती आहे हे तिलाच कधी दिसलं नव्हतं.

"मी अंगनच झाडत राह्यली," ती म्हणाली. "हिची छाती कोन झाडते?"

आणि ज्या बाईनं सुनेला घरात ठेवायला साहेब बोलावले, मशीन बसवलं, आपली अब्रू अंगणात पसरली, तिनं त्याच पावली रुख्मिणीचं गाठोडं बांधलं. यशवंत म्हणाला, "आई, नंबर तं येऊ दे. शेठवर कारवाई होईन."

"होईन तवा होईन. पोट्टी तवापरेंत श्वास कशाचा घेईन?"

तिनं कपाटावरचा अर्ज काढून त्याच्या खिशात कोंबला आणि दुपारच्या बसमध्ये सुनेला निर्मलला, तिच्या भावाकडे, बसवून दिलं. रुख्मिणी रडत होती. मावशी तिला रागावली, "रडू नको, छाती भरते." बस गेल्यावर ती थांब्यावरच बसून राहिली. मी बाजूला बसले.

नंबर आला एकशे बारा. गंभीर. शेठला नोटीस गेली, मग शेठचा वकील गेला, मग दुसरी नोटीस. उन्हाळ्याच्या सुटीनंतर यशवंतही निर्मलच्या शाळेत रुजू झाला. पुढचा कापूस बाजारात यायच्या आधी बॉयलर बदलला आणि चिमणीला धूर अडवणारं यंत्र बसलं. टरफलं जाळणं बंद झालं, ती आता गुरांची ढेप करणाऱ्यांकडे जायला लागली. उत्तमरावला नवं यंत्र चालवायला शिकवलं. तो इतका ऐटीत सांगायचा की जणू दरख्वास्त त्यानंच दिली होती. थंडीत राजन्ना साहेब पुन्हा मशीन घेऊन आले आणि या वेळी नंबर आला एक्केचाळीस.

मी मावशीला वाचून दाखवलं. थोडं प्रदूषण. एकशे बाराचं एक्केचाळीस, म्हणजे वस्ती जिंकली. पेढे आणायला हरकत नव्हती. मावशी म्हणाली, "एक्केचाळीस रुख्मिणीले पुरंल का?"

मी पुन्हा बूथवर गेले आणि साहेबांनाच विचारलं. ते म्हणाले, इंडेक्स पूर्ण हवेचा असतो, सगळ्या लोकांसाठी मिळून. एका माणसाच्या छातीचा इंडेक्स आमच्या मशीनमध्ये नाही. तिला घेऊन या, थोडे दिवस ठेवा, आणि तिलाच विचारा.

मावशी स्वतः निर्मलला गेली आणि रुख्मिणीला घेऊन आली. मिल भरात होती. रुख्मिणी आठवडाभर राहिली. मावशी तिला झाडू देत नव्हती, विस्तवाजवळ जाऊ देत नव्हती, आणि ती बोलत असली की तिच्या बोलण्याकडे नाही, बोलण्याच्या मधल्या श्वासाकडे लक्ष देत होती. एका दुपारी रुख्मिणी ओट्यावर कुशीवर झोपली होती. मी ऑफिसला दांडी मारून घरीच होते. मावशीनं मला खुणेनं बोलावलं. स्वतः वाकून तिनं सुनेच्या पाठीला कान लावला, कितीतरी वेळ लावून ठेवला, आणि मग मला म्हणाली, "तू आयक. माह्या कानाचा भरोसा नाई."

मी कान लावला. पाठ गरम होती. श्वास येत होता, जात होता.

"काय आयकू येते?"

"काहीच नाही, मावशी."

"शिट्टी?"

"नाही."

"खरं सांग वो जयवंता."

"खरंच नाही."

ती मट्कन ओट्यावर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. आवाजानं रुख्मिणी जागी झाली, घाबरून उठली. "काय झालं, आत्याबाई?"

"काई नाई झालं," मावशी रडता रडता म्हणाली. "यशवंताले कळव. सामान घेऊन ये म्हनाव."